लाल रजिस्टरातला स्वेटर

माझं शिक्षण सातवीपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे चुकलं तर कुणी म्हणायला नको की बाईंना काही येत नाही. नाहीच येत. अक्षर मात्र लहानपणापासून मोत्याच्या दाण्यासारखं. शाळेत फळ्यावरचा सुविचार लिहायला मास्तर मलाच उठवायचे. त्या अक्षराचा मला फार अभिमान होता. आणि त्याच अक्षराने माझ्या हातून एकदा असं काही करवलं की अजूनही जानेवारी लागला, दिल्लीत धुकं पडलं, की माझ्या छातीत धडधड सुरू होते. मुलं म्हणतात, आई, बीपी चेक कर. बीपीचं नाही हो ते.

आमचे हे सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये क्लार्क. लग्नानंतर मी दिल्लीत आले आणि काही वर्षांनी आम्हाला लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. हिंदी मी दूधवाल्याशी भांडता भांडता शिकले आणि लिहायला वर्तमानपत्र बघून. मुलं शाळेत जायला लागल्यावर यांच्या एका साहेबांच्या ओळखीने मला यमुनेपलीकडच्या एका महिलागृहात नोकरी लागली. घरातून काढून दिलेल्या, पोलिसांनी स्टेशनवरून आणलेल्या, कोर्टाने पाठवलेल्या बायका तिथे राहत. कागदावर मी केअरटेकर. बायका म्हणत दीदी.

पहिल्याच दिवशी मॅडमनी, म्हणजे तिथल्या अधीक्षिकेने, मला ऑफिसात बोलावलं आणि कपाटातून एक जुनं रजिस्टर काढून माझ्यापुढे उघडलं. लाल पुठ्ठ्याचं. प्रत्येक ओळीत वेळ, बाई कुठे आहे, काय करते आहे, आणि सही. सगळ्यात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘ठीक है.’ त्याखाली पान कोरं.

मी विचारलं, “पुढचं कुठे आहे?”

मॅडम म्हणाल्या, “पुढे लिहायला ती बाईच राहिली नाही.”

बस, एवढंच बोलल्या. रजिस्टर मिटलं आणि नवं कोरं लाल रजिस्टर माझ्या हातात दिलं. ज्या बाईने एकदा स्वतःच्या जिवावर उठण्याचा प्रयत्न केला असेल, किंवा तिचं काही खरं नाही असं डॉक्टरांना वाटत असेल, तिचं नाव त्या रजिस्टरात चढायचं. मग दिवसरात्र दर अर्ध्या तासाने कुणीतरी तिला डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डॉक्टर यायचे, नोंदी वाचायचे आणि ठरवायचे की नजर ठेवायची, कमी करायची की काढायची. एका बाईचा जीव म्हणजे आमच्या त्या चार-दोन शब्दांवर. पहिले कित्येक दिवस मी प्रत्येक नोंद दोनदा वाचून मगच सही करायची. घरी स्वयंपाक करतानासुद्धा दर अर्ध्या तासाने मी घड्याळ बघायची. हे चिडवायचे, “आता माझी नोंद कर. वेळ साडेसात, पेशंट भुकेला, परिस्थिती गंभीर.”

माझ्याबरोबर ड्यूटीवर होती चौधराइन. गाझियाबादच्या पुढच्या एका खेड्यातली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तळहात म्हणजे पाटा. नवरा गेल्यावर नोकरीला लागली आणि लिहायला शिकली ती तिथेच, पन्नाशीच्या आसपास, प्रौढांच्या वर्गात. एकेक अक्षर ती शेणी थापल्यासारखं थापायची. तिच्या नोंदी कशा? ‘आधी रोटी खाई.’ ‘खिड़की पे बैठी.’ ‘रोई नहीं.’ तीन शब्दांपुढे गाडी जायची नाही. मी हसायची. म्हणायची, “चौधराइन, जरा पूरा वाक्य लिखो ना.”

“तू लिख पूरा,” ती म्हणायची. “मैं तो जो देखूँ वो लिखूँ.”

आता माझी हुशारी ऐका. डॉक्टरांना तिचं अक्षर वाचता येईना, ते चष्मा वरखाली करायचे, वैतागायचे. तेव्हा मीच पुढे झाले. “सर, मैं फेअर करके दे दूँ?” ते खूश झाले. तेव्हापासून त्यांच्या यायच्या दिवशी मी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून, छान समास सोडून, एकेका बाईचं एक पान तयार करायची. आधी रोटी खाई, खिड़की पे बैठी, याचं मी करायची, ‘भोजन अल्प. प्रायः एकांत में रहीं.’ डॉक्टर म्हणायचे, “वाह, बिल्कुल किताब जैसा.” आणि ते तेवढंच वाचायचे. रजिस्टर उघडायचंच त्यांनी बंद केलं. मला काय, कौतुकाने पाव किलो मांस अंगावर चढल्यासारखं व्हायचं.

डिसेंबरात एक नवी बाई आली. तिशीची असेल. लाल रजिस्टरात नाव चढवूनच आली, कारण आधी एकदा तिने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी चहाचा कप ठेवताना स्वतःशीच मराठीत पुटपुटले, “काय बाई ही थंडी,” तर तिने एकदम मान वर केली.

“तुम्ही मराठी आहात?”

नागपूरकडची होती. नवरा गाझियाबादच्या कारखान्यात. घरात काय काय झालं ते सगळं मी लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते की तिची चार वर्षांची मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली होती, आणि हिला वेडी ठरवून बाहेर. कोर्टाची तारीख पडे, पुढे जाई. त्या दिवशी ती माझ्या पदराला धरून रडली, आणि तेव्हापासून तिथे सगळे मला म्हणायला लागले, “तेरी नागपूरवाली.” माझीच झाली ती. इतक्या हिंदी बोलणाऱ्या बायकांत ती मला ताई म्हणायची, आणि खरं सांगते, मीसुद्धा त्या हाकेला भुकेली होते.

पण जेवत नव्हती. झोपत नव्हती. नुसती भिंतीकडे बघत बसायची. मी अर्ध्या तासाने डोकावायची तेव्हा दाराशी आधी क्षणभर थांबायची. का थांबायची माहितीये? आत काय दिसेल या भीतीने. ती बसलेली दिसली की मगच पाऊल आत टाकायची. घरी जाताना बसमध्ये वाटायचं, आपण निघून आलो आणि मागे काही झालं तर? सकाळी फाटकातून आत शिरताना चौकीदाराचा चेहरा मी आधी वाचायची.

मग संक्रांत आली. मी घरून तिळगूळ नेला. तिने हातावर घेतला आणि म्हणाली, “ताई, इथे हळदीकुंकू करू या का?”

मला काय आनंद झाला! महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई हळदीकुंकू म्हणते! मी मॅडमची परवानगी काढली. तिने स्वतः केस विंचरले. तिच्याजवळ एक लहान ट्रंक होती, त्यातून तिचा पितळी करंडा काढला आणि सगळ्या बायकांना कुंकू लावलं. पंजाबी, बंगाली, पहाडी, सगळ्या रांगेत उभ्या, हसतायत, तिळगूळ खातायत. आणि मग तिने वाण द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या मुलीला कंगवा. दुसऱ्या दिवशी एकीला साडी. मग स्टीलचा पेला. आपल्यात रथसप्तमीपर्यंत वाण लुटतातच, नाही का? ती रोज एकीला काहीतरी द्यायची. तिथे एक म्हातारी होती, सदा कुडकुडणारी आणि सदा भांडणारी, तिला हिने आपला निळा स्वेटर दिला. घरी विणलेला, जाड लोकरीचा. आणि शुक्रवारी सकाळी मला करंडा दिला.

“ताई, तुम्ही नाही म्हणू नका. वाण नाही म्हणत नाहीत.”

खरंच म्हणत नाहीत. मी घेतला, पर्समध्ये टाकला.

चौधराइन हे सगळं दाराशी वेताच्या मोढ्यावर बसून बघत होती. म्हणाली, “री मराठन, यह क्या हो रहा है?”

मी मोठ्या ऐटीत समजावलं, “हमारे में ऐसा ही होता है. संक्रांत पर औरतें चीज़ें लुटाती हैं.”

“लुटाती हैं? अपनी?”

“हाँ, हाँ.”

“जाड़े में स्वेटर भी?”

“अरे, पुण्य लगता है.”

“तुम्हारा पुण्य तुम ही जानो,” ती म्हणाली. “हमारे यहाँ तो जनवरी में कोई दुश्मन का भी स्वेटर ना उतारे.” आणि तिने रजिस्टर ओढून त्यात थापलं, ‘स्वेटर दिया बुढ़िया को. खुद ठंड में बैठी.’ मागच्या पानांवरही तिचं आधीचं होतंच. ‘कंघी दी.’ ‘साड़ी दी.’ ‘गिलास दिया.’

त्याच शुक्रवारी मी फेअर केलं. मी काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. ‘मकर संक्रांति का पर्व अपनी परंपरा से उत्साहपूर्वक मनाया. सबसे मिल-जुलकर रहीं. चित्त प्रसन्न.’ चौधराइनचा कंगवा, साडी, पेला, स्वेटर, सगळं मी त्या एका ‘परंपरेत’ बसवून टाकलं. यादी कशाला, वाचायला बरी दिसत नाही.

डॉक्टरांनी वाचलं. “बहुत बढ़िया. मन लग गया इनका.” आणि हिरव्या पेनाने खाली लिहिलं की अर्ध्या तासाची नजर काढावी, सकाळ-संध्याकाळ एकदा बघावं. मी तिला जाऊन मराठीत सांगितलं, “बघ, सुटलीस.” ती हसली. म्हणाली, “हो ताई, सुटले.”

ते हसू मी घरी घेऊन आले. काय सांगू, ती आल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मला सुट्टी. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. पुरुषांना घराबाहेर काढलं होतं, सगळे पार्कात उन्हाला पत्ते कुटत बसलेले. आमच्या लायनीतल्या आठ-दहा मराठी बायका जमलेल्या. वाण म्हणून मी चहाची गाळणी आणली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यात वडील, त्यांनी गाळणं डोळ्याला लावून बघितलं आणि म्हणाल्या, “भोकं आहेत गं याला!”

“काकू, गाळणंच आहे ते.”

“अस्सं होय. गेल्या वर्षी तू चमचे दिलेस, त्यांनाही दोन महिन्यांत भोकं पडली.”

सगळ्या हसल्या. मी एकेकीला कुंकू लावत होते, त्याच करंड्यातलं. शेवटी माझी एक मैत्रीण होती, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. अहमदनगरकडची, ख्रिस्ती. ती कुंकू लावून घ्यायची नाही, पण तिळगुळाला दरवर्षी यायची आणि उखाण्यांना सगळ्यात मोठ्याने हसायची. तिने करंडा हातात घेतला. “छान आहे गं. नवा घेतलास?”

“नाही गं, वाण आलं.” आणि मी तिला कौतुकाने सगळं सांगितलं. माझी नागपूरची कशी बरी झाली, रोज कशी वाण देते, स्वेटरसुद्धा दिला.

ती करंड्याचं झाकण उघडून आत बघत होती. “मला तुमच्यातलं काही कळत नाही हं, म्हणून विचारते. वाणात वापरलेली वस्तू देतात का?”

“छे!” काकू तिकडून म्हणाल्या. “वाण म्हणजे बाजारातून आणलेलं, कोरं. घरातलं झिजलेलं कोण देतं?”

“मग यात कुंकू अर्धं कसं संपलंय?”

काकू उठून आल्या. त्यांनी करंडा बघितला. एवढ्या बोलक्या बाई, पण त्यांचा आवाजच खाली गेला. “अगं, हा तर तिचा रोजचा करंडा. सवाष्ण बाई आपला करंडा नाही देत कुणाला. आता उद्यापासून ती कुंकू कशाने लावणार आहे?”

उद्यापासून. तो शब्द ऐकला आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं. बायका बोलत होत्या ते मला ऐकू येईना. डोळ्यांपुढे चौधराइनची अक्षरं एकाखाली एक येऊन उभी राहिली. कंघी दी. साड़ी दी. गिलास दिया. स्वेटर दिया. खुद ठंड में बैठी. ती बाई आपलं घर आवरत होती आणि मी दाराशी उभी राहून लोकांना सांगत होते की आमच्यात असंच असतं! कुणी विचारलं तर मीच त्यांचं तोंड बंद केलं. आणि वर नजर काढवली. मी. माझ्या अक्षराने.

खालच्या मजल्यावर एका अधिकाऱ्यांकडे फोन होता. मी तशीच धावले. नंबर फिरवला. रिंग जात राहिली, जात राहिली. शनिवार, ऑफिसला कुलूप. फोन त्या कुलपाच्या आत. मी परत फिरवला. परत रिंग. माझ्या हाताची हळद रिसीव्हरला लागली, त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “बसा हो जरा, पाणी घ्या,” पण मी रस्त्यावर आलेसुद्धा होते.

रिक्षा मिळाली ती एका सरदारजींची. माझ्या अंगावर जरीची साडी, कपाळभर कुंकू, केसांत फूल. ते म्हणाले, “शादी में लेट हो गए, बहनजी?” माझी मैत्रीण माझ्या चपला आणि करंडा टाकलेली माझी पर्स घेऊन मागून धावत आली होती, कारण मी अनवाणीच निघाले होते. ती शेजारी बसली आणि तिने सांगितलं, “सरदारजी, किसी की जान का सवाल है.” त्यांनी लगेच वेग वाढवला.

पण जानेवारीची दिल्ली ती. सव्वीस तारखेच्या तयारीसाठी कुठे रस्ता बंद, कुठे वळवलेला. एका चौकात पोलीस हात करून म्हणाला, उधर से नहीं. सरदारजींनी रिक्षा वळवली. दुसऱ्या चौकात पुन्हा तेच. ऊन उतरत चाललेलं. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते आणि तोंडात येत होतं ते ‘ठीक है’. त्या जुन्या रजिस्टरातली शेवटची ओळ, आणि त्याखालचं कोरं पान. माझं पान त्याहून वाईट होतं. त्यावर ‘चित्त प्रसन्न’ होतं. मी मैत्रिणीचा हात इतका घट्ट धरला होता की नंतर तिच्या बांगडीचा वळ दोघींच्या हातावर उमटलेला होता. यमुनेच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. मला वाटलं, उतरावं आणि धावत सुटावं. मैत्रीण म्हणाली, “बस. रिक्षापेक्षा तू जोरात धावणार आहेस का?”

फाटकाशी पोचलो. चौकीदार स्टुलावर बसून शेंगा खात होता. मी त्याचा चेहरा बघितला, पण त्या वेळी मला काही वाचताच येईना. धावत तिच्या खोलीत गेले.

कॉट रिकामी होती. ब्लँकेटची चौकोनी घडी. घडीवर उशी. खाली ट्रंक, तिचं झाकण उघडं आणि आत काही नाही.

मैत्रीण मागून काहीतरी विचारत होती. मी व्हरांड्यातून धावले, स्वयंपाकघर बघितलं, न्हाणीची दारं ढकलली, मागच्या अंगणात गेले.

अंगणात उरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात मटारचा हा एवढा ढीग होता. त्याच्या एका बाजूला चौधराइन आणि दुसऱ्या बाजूला ती. दोघी शेंगा सोलत होत्या. चौधराइनची जाड शाल हिच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, आणि चौधराइनचा एक पाय हिच्या साडीच्या काठावर, मुद्दाम ठेवल्यासारखा.

चौधराइनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आ गई बारात? बैठ जा. मटर बहुत हैं.”

मी मटकन खाली बसले ती रडायलाच लागले. जरीच्या साडीत, टरफलांवर.

नंतर बाजूला नेऊन चौधराइनने सांगितलं. नजर काढल्याचा कागद चौधराइनला काल संध्याकाळीच कुणीतरी वाचून दाखवला होता. “डाक्टर ने कागज़ उतारा होगा. मेरी आँख थोड़े ही उतारी?” काल ती घरी गेलीच नाही. आणि आज दुपारी, सगळ्या जेवून पडलेल्या असताना, ही हळूच उठून निघाली. कुठे आणि कशासाठी, ते मी लिहिणार नाही. चौधराइन तिच्या मागोमाग गेली, तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, “चल, मटर छिलवा.” तीन तास झाले होते. स्वयंपाकघरातले मटार संपले तशी तिने चौकीदाराला पाठवून आणखी मागवले होते.

मी परत जाऊन तिच्याजवळ बसले. आजवर तिला कधी सरळ विचारलं नव्हतं. वाटायचं, विचारलं तर उलट मनात येईल. त्या दिवशी मराठीत विचारलं, “तू जाणार होतीस ना आज?”

तिने शेंग सोलली. दाणे भांड्यात टाकले. “हो, ताई.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही किती आनंदात होता,” ती म्हणाली.

पर्समधून करंडा काढून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, “राहू द्या तुमच्याकडे,” आणि माझी भीती पुन्हा उभी राहिली. खरं तर गेलीच नव्हती ती भीती. मी त्याच संध्याकाळी मॅडमच्या घरी निरोप पाठवला, त्या आल्या, डॉक्टरांना बोलावलं, आणि तिचं नाव लाल रजिस्टरात परत चढलं. अर्ध्या तासाची नजर नाही, आता कुणीतरी सतत जवळ.

मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा मी फेअर केलं नव्हतं. रजिस्टरच उघडून ठेवलं आणि सांगितलं, “सर, शुक्रवारच्या कागदात मी नोंदी गाळल्या होत्या. चौधराइनने लिहिल्या होत्या, मी गाळल्या.” वाटलं होतं, नोकरी जाणार. ते बराच वेळ चौधराइनची अक्षरं वाचत बसले, बोट ठेवून, एकेक. मग म्हणाले, “चूक माझीही आहे. मला वाचायला सोपं हवं होतं.” मॅडमनी मला सरकारी भाषेत एक कडक कागद दिला, तो मी अजून जपून ठेवलाय. त्यानंतर तिथे फेअर कॉपी बंद झाली. आणि मॅडमनी नियम केला, की बाईने काही दिलं, सोडलं, परत केलं, तर कारण लिहायचं नाही, वस्तू लिहायची.

तरी भीती जाते का हो? माझी नागपूरची दिवसेंदिवस तशीच बसायची. जरा हसली तरी मी घाबरायची. शांत झोपली तर अजून घाबरायची. पूर्वी ज्या गोष्टींनी बरं वाटायचं त्यांचीच आता धास्ती वाटायची. चौधराइन म्हणायची, “तू उसे देखती कम है, सूँघती ज़्यादा है. हँसने दे उसे.” डॉक्टर आता तिच्याशी तासभर बोलायचे. मॅडमनी कोर्टात खटपट करून आठवड्यातून एकदा मुलीची भेट मिळवायचा अर्ज घातला. अर्जाचं काय होईल कुणालाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत एक सकाळ अशी आली की धुक्याने अंगणाची पलीकडची भिंत दिसेना. मी ड्यूटीवर गेले तर खोलीत आरडाओरडा. डबा हातात तसाच धरून मी धावले. आत बघते तर ती म्हातारीच्या कॉटपुढे उभी, आणि म्हातारी दोन्ही हातांनी निळा स्वेटर छातीशी धरून किंचाळतेय, “दिया हुआ कोई वापस माँगता है? बेशरम!”

“अम्मा, मला थंडी वाजतेय,” ही म्हणत होती. मराठीतच. मग हिंदीत, “मुझे ठंड लग रही है. मेरा है वो. दो.”

“नहीं देती!”

“दो ना!”

महिनाभर जिने काही मागितलं नव्हतं, ती स्वेटरसाठी भांडत होती. मी मध्ये पडायला निघाले तर चौधराइनने माझा हात मागे ओढला. “रुक. लड़ने दे.”

शेवटी गुळाच्या दोन खड्यांवर सौदा ठरला. गूळ माझ्या डब्यातला. तिने स्वेटर डोक्यातून घातला, बाह्या ओढल्या, आणि थंडीने गारठलेल्या आवाजात मला म्हणाली, “ताई, माझा करंडा पण आणा उद्या.”

मला रजिस्टरात बरंच काही लिहायचं होतं. पेन माझ्या हातात होतं. चौधराइनने ते काढून घेतलं, जीभ दाताखाली धरली आणि एकेक अक्षर थापलं. ‘स्वेटर वापस माँगा. पहना.’